तणमोरासमोरची कोरी जागा

आषाढातला दुसरा रविवार, सकाळी साडेसहा. जागा: जळकोटच्या मागचा माळ. हजर: नसीम, तिची मुलगी आयेशा, मी. आभाळ भरलेलं, पाऊस नाही, वारा पश्चिमेकडून. पक्ष्यांच्या एकूण जाती एकोणीस. तणमोर नाही.

घरी आल्यावर नेहमीप्रमाणं ही नोंद पक्क्या वहीत उतरवली आणि वही कपाटात ठेवून दिली. त्यानंतर सोळाव्या दिवशी, मंगळवारी, मी दवाखान्यात गोळ्यांची खोकी मोजत होते. लोहाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात औषधांचा साठा माझ्याकडं असतो. फोन नसीमच्या नवऱ्याचा होता, उमरग्याहून. "मंगलताई, आपली नसीम गेली," एवढंच युनूसभाई म्हणाले आणि त्यांनी फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला. त्या दुसऱ्या माणसानं सांगितलं, की शाळेत परिपाठ चालू होता, बाई मुलांसमोर उभ्या होत्या, चक्कर येते म्हणून खुर्चीत बसल्या, दवाखान्यात नेलं, सोलापूरला हलवायची गाडी दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी फोन ठेवला आणि खोकी पहिल्यापासून मोजली. दुसऱ्यांदा मोजली. तिसऱ्यांदा आकडा जुळला, तेव्हा रजेचा अर्ज लिहिला आणि उमरग्याच्या जीपमध्ये बसले.

नसीम उमरग्यात पंचवीस वर्षं शिक्षिका होती. तिनं किती पोरांना पाखरं बघायला शिकवलं याची गणती नाही, म्हणून या पुरवणीच्या संपादकांनी मला तिच्यावर लिहायला सांगितलं. लिहिणं मला जड जात नाही. तारखा, ठिकाणं, माणसं, सगळं माझ्याकडं नोंदलेलं आहे. पण एक गोष्ट आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही सरळ लिहिता येणार नाही. नसीमच्या यादीत एक पक्षी गेली तेहतीस वर्षं अर्धवट राहिला आहे, आणि तो माझ्यामुळं राहिला आहे. हे तिला माहीत नव्हतं. आता तिच्या मुलीला सांगायला हवं.

आम्ही दोघी जळकोटच्या. तिचे अब्बा बांगड्यांची पेटी घेऊन आजूबाजूच्या बाजारांना जायचे, माझे वडील शेती करायचे. आठवीत देशमाने सर विज्ञानाला आले. शाळेच्या कपाटात पक्ष्यांचं एक जाड पुस्तक होतं, वाळवीनं कडा खाल्लेलं, ते त्यांनी आम्हा दोघींच्या हातात दिलं आणि म्हणाले, "गावाभोवती यातले किती आहेत, मोजा." बास, एवढ्यावर आमचं जुंपलं. मला मोजायला सांगितलं की मी मोजते, तेव्हाही मोजायची. नसीमला मोजण्यापेक्षा आधी दिसण्यात रस होता. तिची नजर अशी, की पाझर तलावाच्या पलीकडच्या काठावर दगडासारखं काही असलं तर ती म्हणायची, "हलला." आणि तो दगड हलायचा.

भांडणं फार व्हायला लागली तेव्हा आम्हीच नियम केला. वहीत चार रकाने: पक्षी, तारीख, जागा, सही. पक्षी जिला पहिल्यांदा दिसला तिच्या नावावर. पण तो धरायचा तर दुसरीनं तो स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा आणि सही करायची. सही नाही, तर पक्षी नाही. म्हणजे नवीन काही दिसलं, की जिला हरवायचं तिलाच पळत जाऊन बोलावून आणावं लागायचं. मी कितीदा तिच्या दारात धापा टाकत उभी राहिले असेन, ती कितीदा माझ्या… लोकांना वाटायचं, या पोरींच्या घरी काहीतरी झालं. नसीमला सही करायला आवडायचं. एकदा मी तिला सकाळच्या धुक्यात अर्धा कोस पळवत नेलं, लांबून बोरीच्या झुडपावर मोठं काळं काही बसलेलं दाखवलं. जवळ गेलो तर खताची पिशवी अडकलेली. मी वही मिटायला लागले तर तिनं हिसकावून घेतली. "थांब की, येवढं पळवलंस ते फुकट का? लिही. काळी पिशवी, एक. मी बघितली, सही करते." तिची ती सही वहीत आहे. उलट पावशा ओरडला म्हणून तिनं मला अंथरुणातून उठवून नेलं आणि पक्षी काही दिसला नाही, तेव्हा मी म्हटलं होतं, "कान सही करत न्हायत." ते वाक्य तिनं मला आयुष्यभर ऐकवलं. फोनवर आवाज नीट आला नाही की म्हणायची, "तुझे कान सही करत न्हायत का गं?"

थंडीत तलावावर पट्टकादंब उतरले, ते दोघींनी एकाच क्षणी पाहिले. कोण आधी ओरडलं यावर तीन दिवस अबोला. शेवटी सरांनी निकाल दिला, अर्धा-अर्धा. त्यामुळं आमच्या याद्यांमध्ये अर्धा पक्षी आहे. पुढं कुणाला वही दाखवली की नसीम सांगायची, "मागची बाजू माझी. मंगलला तोंड दिलं, तिला बोलायला लागतं."

नववीत सरांनी सांगितलं, की जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात आपली वही मांडायची. पण शाळेकडून एकाच विद्यार्थ्याला नेता येईल. जिची यादी मोठी, ती येईल. उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, आम्ही दोघींनीही पाहिलेलं नव्हतं. भाद्रपदात हिशेब असा होता: तिचे साडेअठ्ठेचाळीस, माझे साडेअठ्ठेचाळीस. आठवडाभरात नाव द्यायचं होतं; जी आधी पुढं जाईल तिचंच, असं सरांनी ठरवलं होतं.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि तिचे अब्बा बाजाराला गेले होते. मी आरशासमोर वेणी घालत होते. नसीम आमच्या दारात आली ती चप्पल हातात घेऊन.

"मंगे, चल!"

"काय हाय?"

"सांगत न्हाय. तूच बघ. चल म्हणते ना, वेणी मागनं घाल!"

तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मला कळलं, की हा मोठा पक्षी आहे. माझी एक वेणी घालून झाली होती. ती मी सोडली. सावकाश विंचरून परत घातली. मग दुसरी घातली. आई आतून ओरडली, "अगं ती पोरगी ताटकळलीय." मी म्हटलं, "च्या पिऊन जाते." चहा पिताना मला नसीम दिसत होती. अंगणात ती एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. वाटेत मी पायात काटा मोडल्याचं सोंग केलं आणि खाली बसले. ती म्हणाली, "तू ये हळूहळू, मी त्याच्यावर नजर ठेवते," आणि पुढं पळाली.

माळावर मी पोचले तेव्हा ती बांधाआड पालथी पडली होती. मी मागं, बाभळीपाशी थांबले. समोर कमरेइतकं गवत. बेडकासारखा टर्र आवाज झाला आणि गवतातून तो सरळ वर उडाला. काळा कुळकुळीत, पंखांत पांढरं, डोक्यामागं पिसांच्या शेंड्या. माणसाच्या डोक्याहून वर गेला, पाय पोटाशी घेतलेले, एक क्षण तिथंच, आणि दगड टाकावा तसा परत गवतात. पुस्तकात एकशे काहीतराव्या पानावर होता तोच. तणमोर. आमच्या गावात कुणी पाहिल्याचं तोपर्यंत मी ऐकलं नव्हतं.

नसीमनं मान वळवली. तिचं तोंड चिखलानं भरलं होतं.

"दिसला? मंगे, दिसला ना?"

मी म्हटलं, "कुठं? काय न्हाय दिसलं."

दुपारपर्यंत आम्ही तिथं बसलो. तो परत उडाला नाही. ती मधूनमधून म्हणत होती, "आत्ता उडी मारंल बघ." मी म्हणत होते, "मारू दे." घरी आल्यावर तिनं तिच्या वहीत लिहिलं: तणमोर, तारीख, माळ. सहीचा रकाना कोरा सोडला. "तुला दिसंल तवा कर," म्हणाली. माझ्यावर तिला संशय नव्हता. आमच्यात तोपर्यंत खोटी सही कुणी केली नव्हती. खोटं 'नाही' म्हणणारी कुणी असेल, हे नियम करताना आम्हाला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी त्याच माळावर मला धाविक दिसला, आमच्या यादीत नसलेला. मी पळत सुटले. नसीम भांडी घासत होती. तशीच राखेच्या हातानं आली. धाविक चार पावलं पळाला, थांबला, पळाला. "दिसला की गं! काय पळतोय, जसा एष्टी चुकलीय!" तिनं सही केली, शेजारी राखेचा अंगठा उमटला. मग म्हणाली, "झाले तुझे साडेएकोणपन्नास. जा आता उस्मानाबादला. येताना मला बांगड्या तेवढ्या आणू नको, घरात पेटी भरून हायत."

मी गेले. वही मांडली, लाकडी टेबलामागं उभी राहिले. एक परीक्षक पानं उलटत होते. त्यांनी विचारलं, "तुमच्या माळावर तणमोर येतो का?" मी सांगितलं, "नाही." त्यांनी त्यांच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मला प्रमाणपत्र मिळालं. गावी आल्यावर सगळ्यांत आधी ते बघायला नसीम आली आणि तिनं ते दोनदा मोठ्यानं वाचलं.

इतकंच असतं तर पोरपणातली गोष्ट म्हणून सोडूनही दिलं असतं. पण नसीमनं तणमोर सोडला नाही. दहावी झाली, तिचं डी.एड. झालं, लग्न होऊन ती उमरग्याला गेली, मी नोकरीला लोहाऱ्यात आले; आषाढ ते भाद्रपद यांतले तीन रविवार मात्र ठरलेले. तिनं उमरग्याहून जळकोटला यायचं, मी लोहाऱ्याहून. आयेशा पोटात होती तेव्हाही ती आली, खाली बसता येईना म्हणून उभी राहिली. पहिल्या पगारातून नाही, पण सातव्या का आठव्या पगारातून तिनं दुर्बीण घेतली आणि पहिल्यांदा माझ्या हातात दिली. "आता तुला सबब न्हाय. यंदा तुझ्यासमोर त्याला उडी मारायला लावते." मी तिच्या शेजारी उभी राहून गवताकडं बघायचे. दरवर्षी. माळावर पवनचक्क्या आल्या, त्यांच्यासाठी मुरमाचे रस्ते आले, हायवे चौपदरी झाला, गवत तुकड्या-तुकड्यांत उरलं. तिला म्हटलं, "आता नाही यायचा तो." ती म्हणाली, "एकदा आलता म्हणजे त्याला पत्ता ठाऊक हाय."

सांगायची संधी नव्हती असं नाही. सहा-सात वर्षांपूर्वी परतताना फाट्यावर जीपची वाट बघत आम्ही उभ्या होतो. ती एकदम म्हणाली, "मंगे, एक सांग. त्या दिवशी तू कुठं उभी होतीस? बाभळीच्या अलीकडं का पलीकडं?" तिचा आवाज साधा होता. मला वाटलं, आत्ता बोलावं. समोरून ट्रक गेला, त्याच्या आवाजात मी म्हटलं, "अलीकडं." ती मान हलवत म्हणाली, "मग बरोबर. तिथून दिसलं नसतं. मधी बांधाचा उंचवटा येतो. मी बघून आले मागं एकदा उभी राहून." मी पलीकडं उभी होते. ती माझ्यासाठी तिथं जाऊन, उभी राहून, मला का दिसलं नसेल याचं कारण शोधून आली होती… आणि मी ते घेतलं. जीप आली, आम्ही बसलो, तिनं मला तिच्या डब्यातली शेंगाचटणी आणि भाकरी दिली. तीही मी घेतली.

चाळिसावा होऊन आज बारा दिवस झाले. त्या दिवशी उमरग्यात घर भरलेलं होतं. दुपारी गर्दी ओसरल्यावर आयेशानं मला आतल्या खोलीत नेलं. ती फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बोलणं आईसारखं, अक्षर माझ्यासारखं नीट. तिनं नसीमची जुनी वही समोर ठेवली आणि ते पान उघडलं.

"मावशी, नियमात बसतं का सांगा. अम्मीला दिसलेला तणमोर मला दिसला, तर तुम्ही सही कराल?"

मी म्हटलं, "बघू."

"बघू न्हाय. हौ म्हणा. मी दर रविवारी जाणार हाय. दिसंस्तवर."

पर्समध्ये पेन होतं. त्या कोऱ्या रकान्यात तेव्हाच सही करता आली असती. पण न सांगता केली असती तर आयेशाला वाटलं असतं, मावशीनं दयेनं केली. म्हणजे ती सहीही खोटीच ठरली असती. मी वही मिटून तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "जपून ठेव."

निघताना नसीमची आई, खाला, दारापर्यंत आली. ऐंशीच्या पुढची बाई, माझा हात धरून म्हणाली, "बेटा, पोरगी एकटीच माळावर जाते म्हनती. हिची मा भी अशीच पावसात उभी राहायची. एका पंछीसाठी कोन येवढं करतं? तू समजाव तिला. तुझंच ऐकंल ती." मी म्हटलं, "समजावते, खाला." तेव्हापासूनचे दोन्ही रविवार आयेशा माळावर होती. पहिल्या रविवारी भिजून तिला ताप आला. सोमवारची चाचणी परीक्षा बुडाली. तिनं मला मेसेजवर यादी पाठवली, रकाने आखून, अगदी आमच्यासारखी: टिटवी, चंडोल, वेडा राघू, कोतवाल… खाली लिहिलं होतं, "तणमोर नाही. पुढच्या रविवारी परत." माझ्या वहीतली आणि तिची, दोन्ही नोंदींत तेच दोन शब्द आहेत.

ती ज्या माळावर उभी राहते तिथं आता तणमोर येईल असं मला वाटत नाही. आला तरी तिला तो शोधायची गरज नाही. तो सापडलेला आहे. दोघींनी पाहिलेला आहे. नियमाप्रमाणं तो तेहतीस वर्षं नसीमच्या नावावर असायला हवा होता, आणि त्या वर्षी उस्मानाबादला तिनं जायला हवं होतं. हे एवढंच वाक्य आयेशासमोर बसून बोलायचं आहे. नंतर ती वही पुढं करेल की नाही, मला मावशी म्हणेल की नाही, हे तिच्यावर आहे.

मी कामं टाळणारी बाई नाही. तरी गेल्या बारा दिवसांत मी दोनदा लोहाऱ्याच्या स्टँडवर जाऊन परत आले आहे. तिसऱ्यांदा जीपमध्ये बसले, आणि गावाबाहेर पडता पडता दवाखान्याची किल्ली माझ्याकडंच राहिली असं म्हणून उतरले. किल्ली खरंच माझ्याकडं होती, पण दुसरी शिपायाकडं असते. फोनवर सांगायचं नाही, हे ठरवलं आहे. फोनवर मला तिचं तोंड दिसणार नाही, आणि तसं सांगणं मला फार सोपं जाईल.

आज मंगळवार. हा मजकूर गुरुवारी संध्याकाळपर्यंत द्यायचा आहे आणि येत्या रविवारी तो छापून येईल. रविवारी साडेसहाला आयेशा माळावर असेल. पुरवणी सातपर्यंत जळकोटच्या स्टँडवर येते. कुणीतरी हे पान तिला मोबाइलवर पाठवेलच. तिनं हे गवतात उभं राहून वाचू नये. त्याआधी मला उमरग्याला जायला हवं. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे, शिपायाकडं किल्ली दिली आहे, पर्समध्ये पेन आहे. उमरग्याची सव्वाचारची गाडी मी हे लिहीत असताना गेली. पुढची साडेपाचला आहे.